आच हळू चढू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

जांबोटीच्या पुढे, चोर्ल्याच्या रस्त्याला माझ्या दिरांचं लहानसं जेवणघर आहे. गेल्या दिवाळीनंतर भाऊजींनी तिथं एक भट्टी आणली. रांजणासारखी पोट सुटलेली, जाड भिंतीची, वर बिजागरीचं झाकण आणि बाजूला आकडे दाखवणारा लहानसा पडदा. उतरवायला चार माणसं लागली. तिला कामादो म्हणतात. जळतो लोणारी कोळसाच, पण आच किती हवी ते बटण दाबून सांगायचं. शेतघरावर किंवा हॉटेलात अशी भट्टी घ्यावी असं आपल्या भागात ज्यांच्या मनात असेल, त्यांच्याशी आज बोलायचं आहे. सुरुवातीला आमचं काय चुकलं, तेही सांगणार आहे.

कामादो हा जपानी शब्द. अर्थ अगदी साधा, चूल. भात शिजवायची झाकणाची मातीची चूल जपानात होती, तिला मुशिकामादो म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी ती आपल्या घरी नेली. १९७४ साली अटलांटा शहरात एड फिशर यांनी अशा चुली विकायचं दुकान काढलं, ‘बिग ग्रीन एग’ हे नाव तिथलंच. माती तडकायची, म्हणून पुढे सिरॅमिक आलं.

तर हिचं काम कसं चालतं? खाली हवा आत यायचं भोक, वर धूर जायचं भोक. जितकी हवा, तितका विस्तव. डिजिटल भट्टीत खालच्या बाजूला एक लहान पंखा असतो. आतल्या तापमापकाची तार सांगते, आत्ता ९० अंश आहे. तुम्ही सांगितलेलं असतं, ११० हवं. मग पंखा फिरतो. ११० जवळ आलं की मंदावतो, मग थांबतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ज्यांनी काम केलंय त्यांना हे नवीन नाही. लोहाराच्या भात्याचंच हे काम, फक्त भाता ओढणारा हात आता आकडा वाचतो.

आमच्याकडे पहिल्याच रविवारी पाहुणे होते. भूक लागलेली, आकडा हलेना. म्हणून आम्ही खालवरची दोन्ही भोकं सताड उघडली. अर्ध्या तासात सगळा कोळसा लाल झाला आणि आकडा २६० च्या वर गेला. मग घाईघाईनं ११० लावलं. पंखा लगेच बंद पडला, पण आच काही उतरेना. तास गेला, दीड तास गेला. कोंबडी बाहेरून काळी आणि हाडाजवळ कच्ची. पाहुण्यांना पिठलं-भाकरी वाढली. मला फार वाईट वाटलं.

सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. म्हणाल्या, “चुलीतलं लाकूड मागं ओढता येतंय की गं. ह्यातनं काय मागं ओढणार?”

श्रोतेहो, सगळं कामादो ह्या एका प्रश्नात आहे. पंखा हवा घालू शकतो, घातलेली उष्णता काढून घेऊ शकत नाही. जाड सिरॅमिक एकदा तापलं की तासन्‌तास तापलेलं राहतं. हाच तिचा गुण, घाई केली की हाच तिचा दोष. म्हणून हव्या त्या आकड्याकडे नेहमी खालून चढत जायचं. ११० हवं असेल तर ८०-९० ला असतानाच वरचं भोक आवळायचं, नखाएवढी फट ठेवायची. वरचं भोक मोठं राहिलं तर धुराबरोबर हवा आपोआप ओढली जाते, आणि मग पंखा थांबला तरी विस्तव थांबत नाही. पहिल्या वेळी पाऊण-एक तास तापायलाच द्या. त्या वेळात कांदा चिरा, चटणी वाटा.

पहिल्या दिवशी मटण लावू नका. रताळी लावा. आपल्या बेळगाव तालुक्यातल्या लाल मातीतली रताळी, महाशिवरात्रीला आपण उकडतो तीच. ती स्वस्त आहेत, आणि थोडं चुकलं तरी सांभाळून घेतात. शिवाय त्यांना मंद आचच मानवते. रताळं आतून साधारण ६० ते ७५ अंशांच्या मधून हळूहळू जातं तेव्हा त्यातल्या पिठाची साखर होत जाते. झटकन तापवलं तर तो वेळच मिळत नाही. म्हणून सालासकट जाळीवर ठेवा, खाली उष्णता अडवणारी सिरॅमिकची ताटली असू द्या, भट्टी १५० वर राखा आणि तासाभरानं सुरी टोचून बघा. सालीतून पाक झिरपून चिकट काळे थेंब दिसले की समजा झालं. लोण्याचा गोळा घालून खा.

कोळशाबद्दल जरा आग्रहानं सांगते. मोठ्या खड्यांचा लोणारी कोळसा घ्या. भुगा दाबून केलेल्या विटांची राख फार होते आणि खालची भोकं बुजतात. पोत्याच्या तळाचा चुरा बाजूला काढा, मोठे खडे खाली रचा. पेटवायला रॉकेल अजिबात नको. सिरॅमिक वास धरतं, तो पुढं कित्येक दिवस जेवणात येतो. काही भट्ट्यांत विजेची पेटवणी आतच असते. नसेल तर खाण्याच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा पुरतो. एकाच जागी पेटवा, सगळीकडे नको. सुरुवातीचा दाट पांढरा धूर कडवट असतो. तो विरळ होईपर्यंत काहीही आत ठेवू नका.

कोंबडी दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. अख्खी असेल तर १७५ अंश, आणि मांडीच्या जाड भागात टोचलेल्या तारेवर ७४ दिसलं की शिजली. म्हातारी गावठी कोंबडी मात्र ह्यात कोरडी आणि चिवट होते. तिला रस्साच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जपायच्या गोष्टी. भट्टी तापलेली असताना झाकण एकदम उचलू नका. आत हवेला भुकेलेला विस्तव असतो, हवा मिळताच भडका बाहेर येतो. भाऊजींच्या हातावरचे केस असेच जळले. आधी झाकण दोन बोटंभर उचला, थोडं थांबा, मग उघडा. बंद पडवीत किंवा खोलीत ही भट्टी कधीच पेटवू नका, कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, कळेपर्यंत उशीर होतो. आणि गरम सिरॅमिकवर पाणी ओतू नका, तडा जातो.

वीज गेली तर? आपल्याकडे पावसाळ्यात जातेच. पंखा थांबला की विस्तव मंदावतो, पण लगेच विझत नाही. खालचं भोक बोटभर उघडा, वरचं तसंच ठेवा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी झाकणावरच्या साध्या काट्याकडे बघा. म्हणूनच मी म्हणेन, एक-दोनदा पंखा न लावता, हातानं भोकं उघडझाक करून रताळी भाजा. हाताला सवय झाली की वीज गेल्यावर गोंधळ होत नाही. परदेशातून कुणी यंत्र पाठवत असेल तर व्होल्टेज आधी वाचा, अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. खानापूरच्या पावसात सिरॅमिक टिकेल, पंखा आणि पडदा टिकणार नाहीत, ते झाकलेलेच हवेत. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवाल तेव्हा तासभर अगदी मंद ठेवून भिंतीतली ओल जाऊ द्या.

काम झालं की पंखा बंद करा आणि वरखालची दोन्ही भोकं घट्ट लावा. हवा तुटली की विस्तव विझतो, पण भिंती रात्रभर गरम राहतात, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. सकाळी झाकण उघडाल तेव्हा निम्माअधिक कोळसा शिल्लक असेल. तो हलवून राख खाली पाडा, राख परसात टाका, आणि वर नव्या कोळशाचे चार खडे ठेवून पुन्हा पेटवा.

नमस्कार.