पंच कोरणाऱ्याचं नाव

नमस्कार. पत्रिकेत विषय ‘गुटेनबर्ग ते प्लांतँ’ असा आहे, म्हणजे युरोपातल्या छपाईच्या आरंभापासून अँटवर्पच्या मुद्रक प्लांतँपर्यंत; तिथवर आपण जाऊच. पण ज्याच्यासाठी मी आज इथे आलो, त्याचं नाव पत्रिकेत नाही. इटलीतल्या बोलोन्याचा फ्रांचेस्को ग्रिफो, छपाईच्या अक्षरांचे पंच म्हणजे पोलादी ठसे कोरणारा.

मुद्रक आल्दुस मानुतिउस तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. व्हेनिस, जहाजाच्या नांगराला विळखा घातलेल्या डॉल्फिनचं बोधचिन्ह, हातात सहज मावणारं १५०१चं रोमन कवी व्हर्जिलचं पुस्तक. त्यातला तिरपा इटॅलिक टाइप आपण आल्दुसच्या नावावर जमा करतो. पण तो कोरला ग्रिफोने. १४९६च्या ‘दे एत्ना’ या पुस्तकाचा रोमन, म्हणजे सरळ उभा टाइपही त्याचाच.

कोरणं म्हणजे काय, ते जरा डोळ्यांसमोर आणा. पोलादी कांबीच्या टोकावर उलटं अक्षर, तेही ज्वारीच्या दाण्याहून लहान. टोक ज्योतीवर धरून काजळी धरवायची, कागदावर दाबायचं, ठसा न्याहाळायचा, पुन्हा कानस. मनासारखं झालं की पोलादाला पाणी द्यायचं. हा पंच तांब्यावर ठोकला की साचा तयार. त्यात शिशाचा रस ओतला की खिळा. हे एका अक्षराचं झालं!

त्या व्हर्जिलमध्ये आल्दुसने ग्रिफोची स्तुती केली आहे. तीन ओळी! आणि १५०२मध्ये व्हेनिसच्या सिनेटकडून इटॅलिकचा मक्ता मिळवला, तो मात्र एकट्याच्या नावावर. स्वतःच्या हाताचं वळण ग्रिफोला व्हेनिसच्या मुलखात विकायची सोय उरली नाही. तो फानो गावी सोंचिनो या मुद्रकाकडे गेला. आल्दुसचे सगळे टाइप याच माणसाने कोरले, हे सोंचिनोने १५०३मध्ये काढलेल्या, कवी पेट्रार्कच्या पुस्तकात छापून टाकलं. मला सोंचिनो फार आवडतो तो यासाठी.

मक्ता फ्रान्समध्ये चालेना. लियोंच्या मुद्रकांनी आल्दुसच्या पुस्तकांच्या नकला काढल्या. संतापून त्याने १५०३मध्ये त्यांतल्या चुकांची जाहीर यादी छापली. लियोंकरांनी ती वाचली आणि चुका दुरुस्त करून घेतल्या. (हशा) फुकटात इतका विद्वान मुद्रितशोधक कुणाला मिळतो?

ग्रिफोने १५१६मध्ये बोलोन्यात स्वतःची छोटी पुस्तकं काढायला घेतली. त्याच सुमारास जावयाशी भांडण, लोखंडी कांबीचा घाव, जावई गेला. लवकरच ग्रिफोही कागदोपत्री दिसेनासा होतो.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. तर मुद्दा असा, की मुद्रणाचा इतिहास छापखान्यांच्या मालकांवरून न सांगता पंच कोरणाऱ्यांवरून सांगायला हवा. गुटेनबर्गला धातूकाम येत होतं. १४५५च्या दाव्यात त्याचा सावकार फुस्टने कर्जापायी सरंजाम नेला, कसब त्याच्या हाताखालच्या पेटर शोफरच्या हातात राहिलं. व्हेनिसमधल्या जाँसोंचा १४७०चा रोमन, ग्रिफोचा रोमन, त्या वाटेवर पॅरिसचा पंच कोरणारा गारामाँ. तो १५६१मध्ये वारला. त्याचे पंच प्लांतँकडे आले, अँटवर्पच्या संग्रहालयात आजही आहेत.

आणि आपल्याकडे? गोव्यात छापखाना १५५६मध्ये आला. ‘क्रिस्तपुराण’ रचणाऱ्या जेझुइट फादर स्टीफन्सने १६०८मध्ये रोमला लिहिलं, की इथल्या लिपीला सहाशे साचे लागतात, युरोपला चोवीस पुरतात. छापयंत्र होतं, पुराण रचणारा होता, तरी १६१६चं मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन अक्षरांत छापावं लागलं. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची सुबक देवनागरी यायला एकोणिसावं शतक उजाडलं. ती कोरणारे राणोजी रावजी आरू.

प्लांतँचा हिशेब राहिला. त्यावर प्रश्न विचारा, मी थांबलो आहे.