सेन्सरला पेट्रोल दिसत नाही

पोरांनो, ट्रेड संपला की तुमच्यातले बरेच जण लातूर, उदगीर, अहमदपूरच्या गॅरेजात कामाला लागतील. चेक लाइट पेटलेली गाडी येईल, स्कॅनरवर पी ०१७१ दिसेल. म्हणजे मिक्श्चर लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी. लगेच कुणीतरी म्हणेल, 'ऑक्सिजन सेन्सर बदल.' गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात आणि लाइट पुन्हा पेटते. मला याची खरंच चीड येते.

निव्वळ पेट्रोल असेल तर १ किलोला १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की रिच: काळा धूर, कच्च्या पेट्रोलचा वास, प्लगवर कोरडी काजळी. लीन गाडी पाय दाबला की अडखळते, प्लगचं चिनी मातीचं टोक पांढरंफटक पडतं.

आता सेन्सर. त्याला पेट्रोल दिसत नाही, फक्त सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन कळतो. साधा सेन्सर ०.४५ व्होल्टच्या वर रिच सांगतो, खाली लीन. समजा एक सिलिंडर मिस मारतोय. त्यातली हवा न जळता तशीच बाहेर येते, सेन्सर म्हणतो लीन. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बिचारा आणखी पेट्रोल सोडतो. स्कॅनरवर लीन आणि प्लग मात्र काळे! सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गॅस्केट फुटलं असेल तरी हीच फसगत. म्हणून लीनचा कोड दिसला की आधी मिसिंग आणि एक्झॉस्टची गळती बघा.

ती दोन्ही नसतील तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम वाचा: ईसीयू नेहमीपेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त (अधिक) किंवा कमी (उणे) सोडतोय, तो आकडा. आयडलिंगला, म्हणजे पाय न दाबता, अधिक २०, आणि २५०० आरपीएमला अधिक ४ वर उतरला, तर इनटेककडून, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेवरच्या एखाद्या फटीतून, चोरटी हवा येतेय. फट तेवढीच राहते. रेस दिल्यावर इंजिन भरपूर हवा ओढतं, त्यात तिचा वाटा नगण्य होतो. उलट आयडलिंगला ठीक, पण भरल्या गाडीनं मांजरसुंब्याचा घाट चढताना ट्रिम वाढत गेला, तर पेट्रोलचं प्रेशर मोजा. पंप थकलाय किंवा फिल्टर चोंदलाय. हे गणित हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरच्या गाड्यांचं. इनटेकमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवाल्या गाडीत त्याच फटीनं ट्रिमपेक्षा आयडलिंगच चढलेलं दिसतं.

आणखी एक. आपल्याकडच्या उसापासूनही बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. १ किलो इथेनॉलला हवा लागते जेमतेम ९ किलो. त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम थोडा अधिककडे झुकणारच, तेवढ्यावरून काही खोलू नका.

फट शोधायला इनटेकच्या जोडांवर कार्ब क्लीनर थोडा थोडा मारा. आरपीएम हलला की जागा सापडली. फवारा गरम एक्झॉस्टवर गेला तर भडका उडतो, तेव्हा अग्निशामक हाताशी घेऊनच हे करायचं.