आधी तानपुरा ऐका

श्रोतेहो, नमस्कार. संभाजीनगरचं पैठण गेट असो की लातूरची गंजगोलाई, हेडफोन मागितला की दुकानदार आधी ‘एक्स्ट्रा बेस’चा डबा पुढे सरकवतो. वरातीतल्या गाण्यांना तो ठीक. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी मात्र तो मुकाट्यानं परत सरकवावा.

का, ते सांगतो. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, साधारण 69 हर्ट्झवर असते, जोडीच्या तारा 139 च्या आसपास. नेमका हाच भाग कंपनीनं फुगवून ठेवला, की तबल्याचा डग्गा सगळीकडे पसरतो आणि जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांचा झणझणीत गुंजारव, त्याखाली दबते. आपेगावच्या पद्मश्री शंकरबापूंचा पखवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना हे लगेच पटेल. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा केवढा भरदार, तरी बोल न् बोल सुटा! फुगवलेल्या बेसमध्ये पुढचा बोल आधीच्या घुमाऱ्यात बुडतो.

म्हणून दुकानात जाताना ओळखीचा एखादा विलंबित ख्याल मोबाईलमध्ये घेऊन जा. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पडल्यावरही तानपुरा सलग ऐकू येतो का? सारंगी आणि गळा वेगवेगळे कळतात का? डब्यावरच्या ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ला भुलू नका, तो आकडा बहुतेक सगळ्याच डब्यांवर असतो. बघायचाच तर ओहमचा, म्हणजे हेडफोनच्या विद्युतरोधाचा, बघा. 16 ते 32 असेल तर साधा मोबाईलही पुरतो. 250 ओहमवाल्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, म्हणजे खर्चात खर्च.

मागून उघडे असलेले हेडफोन मोकळे वाजतात, पण मे महिन्यात शेजारी कूलर घरघरत असताना त्यांचा काय उपयोग? बंद कपांचे घ्यावेत तर कान घामानं भिजतात. मला विचाराल तर वायरचे, कानात बसणारे घ्या. हजार-दीड हजारात चांगले मिळतात. त्याच पैशांत ब्लूटूथ घेतलंत तर बॅटरीचेही पैसे त्यातच आले. कंपन्यांची नावं इथं घेता येत नाहीत, तेवढं समजून घ्या. सोबत बहुधा तीन मापांच्या रबरी टोप्या येतात, त्या सगळ्या लावून पाहा. टोपी सैल बसली की खर्ज गेलाच, आणि बोल लागतो हेडफोनला.

मोबाईलला गोल पिन बसत नसेल तर टाइप-सीची वायर मागा. आणि मोबाईलमध्ये एफएम असेल, तर गोल पिनची वायर त्याची अँटेनाही होते.