खरखर कुठून येते?

बेळगाव, शहापूर. संध्याकाळी गल्लीत दिवे लागले की या रेडिओतली माणसं ऐकू येईनाशी होतात. ऐका. हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅमचा, चाळीस मीटरचा पट्टा, सात मेगाहर्ट्झ. कुणीतरी बोलतंय, पण वर ही खरखर. सिग्नलचा जोर दाखवणारा काटा बघा, कुणी बोलत नसतानाही एस-९ वर, म्हणजे चांगलाच वर.

आता रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतलाय आणि घराचा मेन पाडलाय. खरखर बरीच उतरली. आता एकेक एमसीबी वर. माडीची चढवली, आणि काटा पुन्हा उडाला. तिथला एलईडी दिवा.

हा त्याचा ड्रायव्हर, उघडलेला. आत २३० व्होल्टची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली जाते. त्यातून निघणारा गोंगाट मेगाहर्ट्झपर्यंत पोचतो आणि घराचं वायरिंगच त्याची अँटेना होतं. ही जागा बघा. प्लेटवर फिल्टरसाठी खुणा छापल्यात, सुटे भाग बसवलेलेच नाहीत. चार पैसे वाचवले, भुर्दंड सगळ्या गल्लीला.

म्हणून हा डबा, तोच फिल्टर बाहेरून. फेराइटच्या, म्हणजे चुंबकीय चिनीमातीसारख्या पदार्थाच्या, कड्यावर फेज आणि न्यूट्रल, दोन्हींचे सारखेच वेढे. ५० हर्ट्झचा प्रवाह एका तारेने जातो, दुसरीने परततो. दोन्हींचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं आणि वीज सुखाने पुढे जाते. दोन्ही तारांवरून एकाच दिशेने येणारा गोंगाट मात्र इथे अडतो. फेज-न्यूट्रलच्या मध्ये एक्स वर्गाचा कपॅसिटर, दोन्हींपासून अर्थला वाय वर्गाचे; हे वर्ग मेनच्या विजेवर सुरक्षित राहण्यासाठीच बनवलेले. इथे दुसरा कुठलाही कपॅसिटर चालत नाही, तो शॉर्ट झाला तर आग लागेल, नाहीतर डब्यात करंट उतरेल. अर्थिंगही पक्कं हवं, नाहीतर डब्याला हात लावताच झिणझिण्या येतात. आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर लांब ठेवलीय. शेजारी ठेवली तर गोंगाट फिल्टरला वळसा घालून जातो.

आणि डबा बसतोय कुठे? दिव्यापाशी. बरेच जण तो रेडिओमागे लावतात आणि हिरमुसतात, कारण गोंगाट अँटेनातूनच आत शिरत असतो. उगमाशी अडवायचा, तरच अडतो.

मेन वर. काटा एस-५.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, तिन्हींना पूर आला होता. पुन्हा तसं होऊन मोबाइलचे टॉवर बंद पडले, तर गावोगावच्या परवानाधारक हॅमना याच पट्ट्यावर बोलावं लागेल.

उरलेली खरखर पलीकडच्या घरातल्या इन्व्हर्टरची. तिथले मामा म्हणाले, "लावा की ओ, आमचं काय जातंय?"