कळशीतला एक जंतू चिपवर आणायचा कसा?

(काळी पडलेली बाटली कॅमेऱ्याजवळ)

नमस्कार मंडळी. ही पाणी तपासायची बाटली बघा. घाणीतले जंतू असले की आतल्या औषधामुळं पाणी काळं पडतं. परवा खानापूर तालुक्यातल्या मामांच्या विहिरीचं पाणी हिच्यात भरलं, आज काळंकुट्ट झालंय. म्हणजे पाण्यात शेणामुताची घाण उतरली असावी. पण हे कळायला दोन दिवस गेले की! तोवर घरात तेच पाणी प्यायले.

मग अख्खी लॅब बोटभर चिपवर बसवली तर? लॅब-ऑन-चिप ती हीच. केसाएवढ्या बारीक नळ्यांतून पाणी खेळवायचं आणि जंतूचा डीएनए ओळखायचा. पण गोम ओळखण्यात नाही, त्याआधीच्या तयारीत आहे.

पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक म्हणतं, 100 मिलीलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही सापडता कामा नये. चिपच्या कप्प्यात समजा 10 मायक्रोलिटर मावतं. म्हणजे 100 मिलीत एकच जंतू असेल, तर तो गाठायला 10,000 कप्पे भरावे लागतील. कोण भरणार?

म्हणून आधी पाखडणी. पाणी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढलं की जंतू वर राहतात. किंवा प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक जंतूलाच चिकटणारी प्रथिनं, लावलेले चुंबकी मणी सोडायचे. मणी जंतूंना धरतात, खालून चुंबक लावला की पाणी वाहून जातं, मणी जागेवर. मग उष्णता देऊन जंतू फोडायचा आणि डीएनए धुऊन घ्यायचा.

या धुण्यात हयगय चालत नाही. पावसाळ्यात आमच्याकडं विहिरीत कुजका पाला उतरतो. त्यातली ह्युमिक आम्लं पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखायच्या पद्धतीचं, एन्झाइमच अडवतात. जंतू आहे, पण रिपोर्ट म्हणतो नाही! दुधात तेच काम कॅल्शियम करतं, तेव्हा दुधाचा कुंदा करणाऱ्यांनीही कान टवकारावेत.

हे सगळं पंप आणि झडपा ठरल्या वेळी, बंद चिपमध्ये करतात. माणसाचा हात लागत नाही. तरी मी बाटली टाकून देणार नाही. ब्लीचिंग पावडरनं मेलेल्या जंतूचाही डीएनए काही काळ पाण्यात राहतो, चिप त्यालाही हजेरी लावते.

आणि एक कबुली. पहिल्या खेपेला मी बाटलीचं झाकण विहिरीच्या कठड्यावर उपडं ठेवलं होतं. मामी म्हणाल्या, “तिथंच आत्ता म्हशीची दावण होती रे.” ती बाटलीही काळीच झाली होती. विहिरीमुळं की कठड्यामुळं, कसं सांगणार? म्हणून परवा परत गेलो, झाकण हातातच धरून.