जर्मेनियम आणि गोव्याचा मे महिना

रसिक श्रोतेहो,

या टेबलावर ठेवलेली लोखंडी डबी मी घरी बांधलेली आहे. गिटार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये, वादकाच्या पायाशी तिची जागा असते आणि तिला फझ पेडल म्हणतात. लंडनच्या आर्बिटर कंपनीने 1966 साली ‘फझ फेस’ या नावाने बाजारात आणलेल्या पेडलचा आराखडा मी वापरला आहे. आत जर्मेनियम या मूलद्रव्याचे दोन ट्रान्झिस्टर (क्षीण विद्युतलहर वाढवणारे घटक), चार रेझिस्टर, तीन कॅपॅसिटर आणि फिरवायच्या दोन खुंट्या, असे अवघे अकरा घटक आहेत. त्याआधी, 1962 साली, अमेरिकेत माएस्ट्रो फझ-टोन आले होते. नॅशव्हिलच्या एका ध्वनिमुद्रणात बिघडलेल्या यंत्रणेतून उमटलेला खरखरीत स्वर लोकांना आवडला आणि तोच मुद्दाम निर्माण करण्यासाठी ते घडवले गेले.

केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या भूमीत जवारी म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तार हलकेच घासते आणि तिच्यातून वरचे स्वरांश फुलतात. फझमध्ये हेच काम वीज करते. तारेच्या कंपनातून आलेली विद्युतलहर इतकी वाढवली जाते की बॅटरीच्या मर्यादेत ती मावत नाही, तिचे माथे सपाट होतात आणि मूळ स्वरात नसलेले स्वरांश त्यात जन्म घेतात. लहरीच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजू सारख्याच छाटल्या गेल्या तर केवळ विषम, म्हणजे मूळ कंपनाच्या तिप्पट, पाचपट अशा पटींतले स्वरांश मिळतात. त्यांतला तिसरा पंचमाचा आणि पाचवा गांधाराचा, म्हणजे तंबोऱ्यातला स्वयंभू गांधार. पेडलच्या या विद्युतमंडलात (सर्किटमध्ये) दोन्ही बाजू सारख्या छाटल्या जात नाहीत, त्यामुळे सम स्वरांशही येतात आणि आवाज भरीव होतो. एक फरक मात्र मोठा आहे. तंबोऱ्याच्या प्रत्येक तारेची जवारी स्वतंत्र असते. येथे सर्व तारा एकाच मंडलातून जातात, एकमेकींत मिसळून नको असलेले स्वरही निर्माण करतात, आणि म्हणूनच फझवर भरगच्च कॉर्डपेक्षा एकेरी सुरावट खुलते.

आता आतल्या रचनेकडे वळू. ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर अशी तीन टोके असतात; बेसला दिलेला लहानसा प्रवाह उरलेल्या दोहोंमधला मोठा प्रवाह हाकतो. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला 33 किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि तोच कलेक्टर थेट दुसऱ्याच्या बेसला जोडलेला आहे. दुसऱ्याच्या कलेक्टरवर 8.2 किलोओहम आणि त्यासोबत 470 ओहम आहेत (काही आराखड्यांत 330), तर एमिटरवर 1 किलोओहमची फझची खुंटी. त्या एमिटरपासून पहिल्याच्या बेसपर्यंत 100 किलोओहमचा रेझिस्टर परत येतो आणि दोघांना एकमेकांच्या धाकात ठेवतो. दुसऱ्याच्या कलेक्टरवर साधारण साडेचार व्होल्ट, म्हणजे 9 व्होल्टच्या बॅटरीचा निम्मा दाब असावा, असे मानतात. त्या स्थितीत पहिल्या ट्रान्झिस्टरमधून जाणारा प्रवाह केवळ पाव मिलिअँपिअर असतो. हा आकडा कृपया लक्षात ठेवा, कारण माझे आजचे सारे सांगणे त्याच्याभोवती आहे.

जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर बेसला काहीही न देता थोडा प्रवाह गळू देतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ही गळती ढोबळमानाने दुप्पट होते. वीस अंशांच्या खोलीत 100 मायक्रोअँपिअर गळणारा नग पस्तीस अंशांवर 280च्या आसपास गळेल. पहिल्या ट्रान्झिस्टरचा तो पाव मिलिअँपिअर म्हणजे 250 मायक्रोअँपिअर; गळती एकटीच त्याच्या पुढे गेली. परत येणारा तो 100 किलोओहमचा रेझिस्टर हा तोल सावरू पाहतो, पण त्याचा आवाका मर्यादित आहे. पहिला ट्रान्झिस्टर गळतीनेच भरून गेला की दुसऱ्याला पुरेसा प्रवाह मिळत नाही आणि स्वर संपण्याआधीच तुटू लागतो.

हे मला पुस्तकातून कळले नाही. जानेवारीतल्या एका रात्री मी फोंड्यात हे पेडल जुळवले तेव्हा ते सुरेख वाजत होते. मे महिन्यात, दुपारच्या उन्हात तापलेल्या उघड्या रंगमंचावर, पहिल्याच गतीत त्याचा स्वर फाटून गेला. डाख (सोल्डरचे जोड) पक्के होते आणि बॅटरी नवी होती. मी चूक केली होती ती आराखड्यावर विश्वास ठेवून ट्रान्झिस्टर न मोजण्याची.

मोजणी अवघड नाही. एमिटर बॅटरीच्या धन टोकाला जोडा, कलेक्टर सुमारे 2.47 किलोओहममधून ऋण टोकाला, आणि त्या रेझिस्टरवरचा दाब मल्टिमीटरने पाहा. बेस मोकळा असताना दिसणारा दाब गळतीचा. मग बेस 2.2 मेगओहममधून ऋण टोकाला जोडा; दाब जितका वाढेल त्याला शंभराने गुणले की खरा गुणक, म्हणजे ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो तो आकडा, हाती येतो. पहिल्या वाचनात 0.25 आणि दुसऱ्यात 1.05 व्होल्ट दिसले, तर गुणक 105 नसून 80 आहे आणि गळती 100 मायक्रोअँपिअर. मोजताना ट्रान्झिस्टरला बोट लावू नका, कारण बोटाच्या उबेनेही आकडा चढतो. हात लागलाच तर तो उतरेपर्यंत थांबा. पहिल्या जागी 70 ते 80 आणि दुसऱ्या जागी 110 ते 130 गुणकाचे नग चांगले मानले जातात, पण आपल्या हवेत पहिल्या जागेसाठी मी गुणकाआधी गळती पाहतो आणि सर्वांत कमी गळणारा नग निवडतो. शिवाय 8.2 किलोओहमच्या जागी फिरवता येणारा ट्रिमर बसवतो आणि पेडल ज्या ऋतूत वाजायचे त्याच ऋतूत तो साडेचार व्होल्टांवर आणतो.

सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर वापरले की गळतीचा प्रश्न जवळजवळ मिटतो, आणि 1960च्या दशकाच्या अखेरीस खुद्द फझ फेसमध्येही ते आले. त्यांचा आवाज अधिक तीक्ष्ण असतो. मला तो परका वाटतो. जर्मेनियमच्या पेडलमध्ये गिटारचा आवाज थोडा उतरवला की खरखर विरते आणि स्वच्छ, काचेसारखा स्वर निघतो, कारण पेडलचा प्रवेशरोध (आत येणाऱ्या लहरीला होणारा विरोध) फार कमी असल्यामुळे गिटारच्या तारांखालचे, कंपन टिपणारे वेटोळे त्या मंडलाचाच भाग बनते. म्हणून फझ नेहमी गिटारच्या लगेच पुढे जोडावे.

बांधणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. येथे बॅटरीचे धन टोक जमिनीला, म्हणजे मंडलाच्या समाईक टोकाला (ग्राउंडला), जोडलेले असते. ऋण टोक जमिनीला असलेल्या इतर पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरवर हे लावले तर थेट शॉर्ट होईल. त्याला स्वतंत्र बॅटरी द्या.