पासवर्ड रीसेट करण्याआधी लॉग वाचा

आज आपण डोमेनला, म्हणजे ऑफिसची सगळी खाती एकाच ठिकाणाहून सांभाळणाऱ्या नेटवर्कला, जोडलेल्या विंडोज मशीनपुरतंच बोलू. "लॉगिन होत नाही" असा फोन आला की हात आपोआप पासवर्ड रीसेटकडे जातो. तो हात आधी थांबवा. 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा' एवढंच स्क्रीनवर दिसतं, आणि ते मुद्दाम मोघम ठेवलेलं असतं. नाव तरी बरोबर होतं का, याचा अंदाज परक्या माणसाला येऊ नये म्हणून. खरं कारण लॉगमध्ये लिहिलेलं असतं.

युजरच्या मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजचे लॉग दाखवणारं टूल) उघडा आणि सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाची, म्हणजे लॉगिन फसल्याची, नोंद शोधा. त्यातल्या 'सब स्टेटस'च्या लांबलचक कोडची फक्त शेवटची अक्षरं बघायची. शेवटी ६४ असेल तर त्या नावाचं खातंच नाही: स्पेलिंग चुकलंय किंवा डोमेन चुकीचं निवडलंय. ७२ म्हणजे खातं बंद केलेलं, ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपलेली. ६ए म्हणजे नाव बरोबर, पासवर्ड चुकला. इथेही लगेच रीसेट नको. आपल्याकडे मराठी टायपिंग करणाऱ्यांच्या मशीनवर लॉगिनच्या वेळी कीबोर्ड मराठी लेआउटवरच राहिलेला असतो. पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबायला सांगा, लगेच उलगडा होतो. सब स्टेटस शून्य दिसला तर वरची 'स्टेटस' ओळ वाचा. तिथे शेवटी २३४ असेल तर खातं लॉक आहे.

सगळ्यात जास्त वेळ घेतं ते हे लॉक. अनलॉक केलं, दहा मिनिटांत पुन्हा लॉक. युजर बिचारा शपथेवर सांगतो की मी चुकीचं काही टाकलं नाही, आणि तो खरंच बोलत असतो. जुना पासवर्ड दुसरंच काहीतरी पाठवत असतं: मोबाइलमधलं ऑफिसचं मेल, क्रेडेन्शियल मॅनेजर (विंडोजने साठवलेले पासवर्ड), शेड्युल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम), किंवा सर्व्हरवर साइन आउट न करता नुसतं बंद केलेलं रिमोट डेस्कटॉप सेशन. अशा वेळी नवा पासवर्ड दिला तर जुना पाठवणाऱ्या जागा तशाच राहतात आणि लॉक थांबत नाही. डोमेन कंट्रोलर म्हणजे खाती आणि पासवर्ड तपासणारा सर्व्हर; त्यांपैकी पीडीसी एम्युलेटर ही खास भूमिका ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर ४७४० ही खातं लॉक झाल्याची नोंद शोधा. त्यात 'कॉलर कम्प्युटर नेम' असतं. तिथे मेल सर्व्हरचं किंवा वायफायच्या रेडियस सर्व्हरचं (वायफायवरचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचं) नाव दिसलं तर खरा गुन्हेगार त्याच्या मागे आहे. त्या सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच मिनिटाची नोंद काढा. नाव रिकामं असेल तर डोमेन कंट्रोलरवरची ४७७१ बघा. त्यात फेल्युअर कोडच्या शेवटी १८ (म्हणजे चुकीचा पासवर्ड) आणि सोबत क्लायंटचा आयपी मिळतो.

घड्याळही एकदा बघून घ्या. कर्बेरॉसला, म्हणजे डोमेनच्या लॉगिन तपासण्याच्या पद्धतीला, मशीन आणि डोमेन कंट्रोलरच्या घड्याळांत मुळात ५ मिनिटांचाच फरक चालतो. मशीन रोज सकाळी जुनी तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.

आता एक सोपी चाचणी, जी फार कमी जण करतात. लॅनची केबल काढून लॉगिन करायला सांगा. केबल काढल्यावर लॉगिन झालं आणि लावल्यावर 'ट्रस्ट रिलेशनशिप'चा एरर आला, तर दोष युजरचा नाही. मशीनचं डोमेनशी नातं तुटलंय. मशीनलाही स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो साधारण ३० दिवसांनी बदलतो. जुना बॅकअप किंवा स्नॅपशॉट (मशीनची जुनी जशीच्या तशी प्रत) परत चढवला की दोन्हीकडचे पासवर्ड जुळेनासे होतात. लोकल ॲडमिनने शिरून पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-कम्प्युटरसिक्युअरचॅनल' (Test-ComputerSecureChannel) ही कमांड रिपेअर पर्यायासह, डोमेन ॲडमिनचं क्रेडेन्शियल देऊन चालवा. डोमेनमधून काढून परत जोडायचा खटाटोप बहुतेक वेळा लागतच नाही.

मशीनला डोमेन कंट्रोलर सापडतच नसेल तर डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) तपासा. दुय्यम डीएनएस म्हणून गूगलचा सार्वजनिक ८.८.८.८ भरून ठेवायची सवय सर्रास दिसते. मुख्य डीएनएस क्षणभर अडला की विंडोज या दुय्यम डीएनएसकडे वळतं, आणि त्याला आपल्या डोमेनच्या आतल्या नोंदी माहीतच नसतात. तिथे दुसऱ्या डोमेन कंट्रोलरचा आयपी भरा, डीएनएसची कॅश साफ करा आणि मगच पुन्हा लॉगिन करायला सांगा.